धुक्यातली लव्हाळी की मासा पकडणारा खंड्या?

पत्राचा सारांश : एक वाचक गेली अकरा वर्षे हौसेने निसर्गाची छायाचित्रे काढत आहेत. संगणकात हजारो छायाचित्रे साठली आहेत, पण त्यांतले एकही आजवर कागदावर उतरलेले नाही. आता बैठकीच्या खोलीतल्या सात फूट रुंदीच्या रिकाम्या भिंतीवर एक छायाचित्र मोठे करून लावायचे त्यांच्या मनात आहे. भिंत एका मोठ्या खिडकीच्या समोर आहे आणि बसण्याची जागा तिच्यापासून सुमारे पाच फुटांवर आहे. घरच्यांचे आणि स्नेह्यांचे मत एकच : पाण्यातून मासा घेऊन वर उसळणारा खंड्या. समाजमाध्यमांवर त्या छायाचित्राचे भरपूर कौतुक झाले आहे आणि प्रिंट करून देणाऱ्यांनी ते पाच फूट रुंद, चकचकीत ॲक्रिलिकवर, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकवर, करण्याचा सल्ला दिला आहे. वाचकांचे स्वतःचे मन मात्र दुसऱ्याच छायाचित्रात अडकले आहे. पहाटेच्या धुक्यातली तळ्याकाठची लव्हाळी असे ते छायाचित्र असून त्याकडे कुणी फारसे पाहिलेले नाही. दोन्हींच्या लहान नमुना-प्रिंट काढल्या, तर त्या पडद्यावरच्यापेक्षा काळपट आल्या. त्या विचारतात, “सगळ्यांत चांगले माध्यम कोणते? आणि केवळ मला आवडते म्हणून धुक्याचे चित्र सगळ्यांच्या खोलीत लावणे स्वार्थीपणाचे ठरेल का?”

नमस्कार.

तुमच्या पत्रासोबत दोन्ही छायाचित्रांचे तपशील तुम्ही इतक्या काळजीने लिहून पाठवलेत, त्यामुळे मोघम बोलण्याची वेळ आली नाही. तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा आधी घेते, कारण त्याचे उत्तर सापडले की पहिल्याचे निम्मे उत्तर आपोआप मिळते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : जे छायाचित्र सर्वांत चांगले, तेच भिंतीवर लावायचे. वरवर पाहता यात चुकीचे काही नाही. पण ‘चांगले’ हा निवाडा कोणत्या परिस्थितीत झाला, ते पाहा. खंड्याचे छायाचित्र लोकांनी तळहाताएवढ्या पडद्यावर, इतर शेकडो छायाचित्रांच्या गर्दीत, काही क्षण पाहिले. त्या गर्दीत नजर खेचून घेणे ही त्याची परीक्षा होती आणि ती त्याने उत्तम रीतीने पार केली. उडालेले थेंब, निळा रंग, चोचीतला मासा, काळोखी पार्श्वभूमी, सारे एका नजरेत कळते. भिंतीवरच्या चित्राची परीक्षा निराळी असते. ते कुणी एकदा निरखून पाहत नाही. येता-जाता, बोलता-बोलता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते वर्षानुवर्षे हजारो वेळा दिसत राहते. जे चित्र पहिल्या क्षणी सगळे सांगून टाकते, ते महिन्याभराने दिसेनासे होऊ शकते. आणि जे पहिल्यांदा रिकामे वाटले, त्यात सकाळच्या उजेडात एक, संध्याकाळच्या उजेडात दुसरे काही सापडत राहते. प्रत्येक वेळी असेच घडते असे मी म्हणत नाही. पण लोकांनी दिलेला कौल या दुसऱ्या परीक्षेचा नव्हता, एवढे तरी मान्य करायला हवे.

स्वार्थाबद्दल बोलायचे, तर खोली सगळ्यांची आहे ही तुमची जाणीव मला मोलाची वाटते आणि ती मी बाजूला सारणार नाही. पण घरच्यांनी धुक्याचे छायाचित्र अजून खरोखर पाहिलेलेच नाही. पडद्यावर सरकवत नेलेली एक फिकट चौकट त्यांनी पाहिली आहे. म्हणून वाद न घालता एक प्रयोग करा. तुमच्या मनातली चार-पाच छायाचित्रे, त्यात खंड्या आणि लव्हाळी दोन्ही, १२ बाय ८ इंचाच्या साध्या प्रिंटवर काढा आणि त्याच भिंतीवर, सहज निघेल अशा चिकटपट्टीने, तीन आठवडे लावून ठेवा. कुणाला मत विचारू नका. कोण कोणत्या चित्रापाशी थांबते, कोणत्या चित्राबद्दल आपण होऊन बोलते, तुमची स्वतःची नजर सकाळी पहिल्यांदा कुठे जाते, हे फक्त पाहत राहा. तीन आठवड्यांनंतरही सगळे खंड्यापाशीच थांबत असतील, तर ते खुल्या मनाने स्वीकारा. मला मात्र तसे होईल असे वाटत नाही, आणि त्याचे कारण माझ्या आवडीनिवडीत नसून तुमच्या भिंतीत आहे.

आता आकड्यांकडे वळू या. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे पूर्ण चौकट ६००० बाय ४००० पिक्सेलची. खंड्या लांब होता, म्हणून तुम्ही भोवतालचा बराचसा भाग कापला आणि हाती २४०० बाय १६०० पिक्सेल उरले, मूळ चौकटीच्या सहाव्या हिश्श्याहूनही थोडे कमी. हे छायाचित्र पाच फूट, म्हणजे ६० इंच रुंद केले, तर दर इंचाला ४० पिक्सेल येतात. प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल हवेत असे सर्रास सांगितले जाते. तो आकडा हातात धरून, साधारण फूटभर अंतरावरून पाहायच्या प्रिंटसाठी आहे. सामान्य निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतके बारकावे वेगळे ओळखू शकतो आणि फूटभरावरून ते प्रमाण इंचाला सुमारे ३०० ठिपक्यांच्या आसपास येते. अंतर वाढते तशी ही गरज त्याच प्रमाणात घटते. पाच फुटांवरून इंचाला साठेक पिक्सेल पुरतात. म्हणजे तुमच्या बैठकीपासूनही ४० हा आकडा अपुराच आहे, आणि पक्ष्याचे चित्र पाहायला माणूस हमखास जवळ जातो, पिसे न्याहाळतो. शिवाय एवढे मोठे करताना केवळ पिक्सेलच नव्हे, तर फोकसमधली किंचितशी चूक आणि अंधारातला कणीदारपणाही तेवढाच मोठा होतो.

संगणकाच्या मदतीने आकार वाढवून मिळतो, असे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आजची साधने पिसांचे तपशील फार सफाईने भरून काढतात. पण ती पिसे त्या पक्ष्याची नसतात; पिसे साधारणपणे कशी असतात याच्या अंदाजातून ती रचलेली असतात. निसर्गाचे छायाचित्र म्हणून जे आपण भिंतीवर लावतो, त्यात त्या सकाळी त्या जागी नसलेले काही असावे, हे मला पटत नाही. थोडीफार वाढ करण्याला माझी हरकत नाही, पण पाचपटीने वाढवून कल्पित पिसे लावण्याला आहे.

लव्हाळ्यांचे छायाचित्र तुम्ही जराही कापलेले नाही. ते ३६ इंच रुंद केले, तरी इंचाला सुमारे १६७ पिक्सेल मिळतात, आणि पाच फुटांवरून तेवढे पुरून उरतात. ३६ बाय २४ इंचाची प्रिंट, भोवती साडेतीन-चार इंचांचा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, आणि फ्रेम, असे सगळे धरून भिंतीच्या निम्म्याहून थोडी अधिक रुंदी व्यापली जाईल. सात फुटांची भिंत भरून काढलीच पाहिजे, हेही एक गृहीतच आहे. धुक्याच्या चित्राला स्वतःभोवती रिकामी जागा मिळाली, तर ते अधिक शांत दिसेल.

राहिली ती खिडकी. माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील हाच आहे आणि प्रिंट करून देणाऱ्यांनी तो विचारलाही नाही. साधी काच तिच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के उजेड परत फेकते, आणि चकचकीत ॲक्रिलिकचेही तसेच असते. ऐकायला हा आकडा लहान वाटतो, पण समोर दिवसाची लख्ख खिडकी असेल, तर गडद चित्रावर तेवढा उजेड आरशासारखा काम करतो. खंड्यामागचे पाणी जवळजवळ काळे आहे. त्यामुळे दिवसभर तुम्हाला खंड्याऐवजी खिडकी, पडदे आणि स्वतःची आकृती दिसत राहील. धुक्याचे चित्र मुळात फिकट असल्याने त्यावर प्रतिबिंब पडले, तरी ते त्या फिकटपणात बरेचसे विरून जाते. त्यातून परावर्तनरोधक काच मिळाली, जी १ टक्क्याहून कमी उजेड परत फेकते, तर काच आहे हेही लक्षात येणार नाही.

तेव्हा ‘सगळ्यांत चांगले माध्यम’ असे काही नसते. हे चित्र, ही जागा आणि हा उजेड यांना साजेसे माध्यम असते. ॲक्रिलिकच्या मागे चिकटवलेली प्रिंट खोल, ओलसर, चमकदार दिसते. गडद पाणी, तारांगण, भडक रंगांची फुले यांना ती शोभते. पण ती जड असते, कोरड्या फडक्यानेही तिच्यावर ओरखडे उमटतात आणि एकदा चिकटवलेली प्रिंट पुन्हा सुटी करता येत नाही. धातूवरच्या प्रिंटमध्ये उष्णतेने शाईची वाफ होऊन ती ॲल्युमिनियमवरच्या लेपात शिरते. तिला काच लागत नाही, ओलाव्याची फारशी भीती नसते आणि रंग टणक, तेजस्वी येतात. धुक्याला हा टणकपणा मारून टाकील. कॅनव्हासचा पोत दूरच्या डोंगरांना, जंगलाच्या मोठ्या दृश्यांना चालतो, पण पिसे आणि गवताची पाती यांचे बारकावे तो गिळतो; शिवाय कडा मागे दुमडताना चारही बाजूंचा इंच-दीड इंच भाग चित्रातून जातो, हे बऱ्याच जणांना प्रिंट हाती आल्यावरच कळते.

तुमच्या लव्हाळ्यांसाठी मी निःसंशय मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, पृष्ठभागाचा सुती कागद निवडीन. मॅट कागदावर काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल जात नाही, ही त्याची मर्यादा खरी आहे आणि खंड्याच्या बाबतीत ती नडली असती. परंतु धुक्यात काळा असतोच कुठे? तिथे सगळा खेळ राखाडीच्या जवळजवळच्या छटांचा, एक लव्हाळे दुसऱ्याच्या मागे किती विरघळले आहे याचा. तो खेळ मॅट कागद फार हळुवारपणे दाखवतो. कागद निवडताना दोन गोष्टी विचारून घ्या. शाई रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंटची आहे का, कारण विरघळणाऱ्या रंगाची, म्हणजे डायची शाई प्रकाशाने आणि हवेतल्या ओझोनने सहसा लवकर फिकी पडते. आणि कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायने घातली आहेत का, कारण ती अतिनील किरणांत चमकून कागद निळसर-शुभ्र दाखवतात, पण काळानुसार त्यांचा प्रभाव ओसरतो आणि कागद पिवळसर दिसू लागतो. धुक्याच्या चित्रात कागदाचा पांढरा रंग हाच चित्राचा मोठा भाग असतो, म्हणून नैसर्गिक, किंचित उबदार पांढरा कागद इथे अधिक भरवशाचा.

एक धोकाही सांगून ठेवते. अशा हळूहळू बदलणाऱ्या छटांमध्ये कमी प्रतीची फाइल वापरली, तर धुक्यात पट्टे दिसू लागतात. ८ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात आणि तुमच्या चित्राने त्यांतल्या मोजक्याच वापरल्या आहेत. मूळ रॉ फाइलवरून, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीवरून, १६ बिटमध्ये काम करा आणि प्रिंटसाठीची फाइल तिच्यापासूनच बनवा. समाजमाध्यमावर चढवलेली किंवा फोनवरून संदेशात पाठवलेली प्रत कधीही प्रिंटला देऊ नका, कारण ती वाटेतच आकसलेली असते. लांबी-रुंदीचे प्रमाणही तपासा. तुमची चौकट ३ : २ आहे, तर १० बाय ८ किंवा २० बाय १६ हे तयार आकार ५ : ४ आहेत. तसा आकार मागितलात, तर बाजूची लव्हाळी कापली जातील किंवा पांढऱ्या पट्ट्या उरतील.

प्रिंट काळपट आल्या, हे पडद्यावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि त्यात प्रिंट करणाऱ्याचा दोष असेलच असे नाही. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद मात्र समोरून पडलेलाच उजेड परत देतो. पडद्याची उजळी बहुधा फार वाढवून ठेवलेली असते. त्या उजळीवर जे चित्र नेटके वाटते, ते मुळात काळपटच बनवलेले असते. प्रिंटच्या कामासाठी पडदा साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतका ठेवतात. मोजण्याचे साधन नसेल, तर पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, शेजारी नेहमीच्या उजेडात कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत उजळी कमी करत जा. मग प्रिंट करणाऱ्यांकडून त्या कागदाचे आणि यंत्राचे रंग-प्रोफाइल, म्हणजे त्यांवर रंग कसे उतरतात याची फाइल, मागून घ्या. ते लावून पडद्यावर पाहिले, की कागदावर काय उतरेल याचा बराच जवळचा अंदाज येतो. त्यानंतर एकाच छायाचित्राच्या तीन लहान प्रिंट काढा, एक आहे तशी, दुसरी थोडी उजळ, तिसरी आणखी उजळ, आणि त्या दुकानातल्या दिव्याखाली न पाहता तुमच्या भिंतीवर सकाळी आणि रात्री पाहा.

पण इथेही एक समजूत तपासून पाहण्यासारखी आहे : पडद्यावरचे चित्र हेच मूळ आणि प्रिंट ही त्याची नक्कल. पियानोवादक होण्याचे शिक्षण घेतलेले अमेरिकन निसर्ग-छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स निगेटिव्हची तुलना संगीताच्या लिखित रचनेशी आणि प्रिंटची तुलना तिच्या सादरीकरणाशी करीत. त्यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे छायाचित्र घेतले आणि पुढे कित्येक दशके ते त्याच्या प्रिंट काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश बरेच फिकट आहे, ढगांच्या रेघा दिसतात. उत्तरकाळातल्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळे झाले आहे. निगेटिव्ह एकच आणि सादरीकरणे अनेक. तुमची लव्हाळी कागदावर पडद्यापेक्षा थोडी शांत, थोडी जवळची दिसली, तर ते बिघडले असे लगेच समजू नका. त्या पहाटे तुम्ही तळ्याकाठी उभ्या होतात, पडद्यासमोर नव्हे. प्रिंटची तुलना त्या पहाटेशी करा.

फ्रेमबद्दल मात्र मी आग्रही आहे, कारण तिथे मी नुकसान सोसले आहे. माझ्या सुरुवातीच्या प्रिंटपैकी एक फ्रेम करणाऱ्याने थेट काचेला टेकवून बसवली होती. दमट हवेचे काही महिने गेले आणि प्रिंटचा पृष्ठभाग काचेला चिकटला. सोडवताना चित्रातल्या पाण्यावरचा सगळा उजेड काचेसोबत निघून आला, आणि त्या काळातली मूळ फाइलही माझ्याकडे राहिलेली नव्हती. माउंट केवळ शोभेसाठी नसतो. तो काच आणि प्रिंट यांच्यात श्वास घेण्याइतके अंतर ठेवतो. तो आम्लरहित असावा. साध्या लगद्याच्या पुठ्ठ्यातले आम्ल काही वर्षांत प्रिंटच्या कडेने तपकिरी रेघ उमटवते. प्रिंट मागच्या पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवू देऊ नका, वरच्या कडेला कागदी बिजागऱ्यांनी टांगून ठेवायला सांगा, म्हणजे हवेतल्या ओलाव्याने कागद फुगला-आकसला तरी त्याला हलायला जागा राहते आणि पुढे ती सोडवताही येते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी गुट्ट्या लावल्या, की भिंतीशी हवा खेळती राहते.

खिडकीतून थेट ऊन भिंतीवर येते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. दिवसाच्या कोणत्याही वेळी येत असेल, तर जागा बदला किंवा त्या वेळी पडदा ओढा. प्रकाशाने लवकर खराब होणाऱ्या वस्तूंवर संग्रहालये साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड ठेवतात, आणि भर दुपारचे ऊन १ लाख लक्सच्या आसपास असते. अतिनील किरण अडवणारी काच मदत करते, पण दृश्य प्रकाशही रंग फिके करतोच. रात्रीसाठी एक लहान दिवा वरून, उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांच्या कोनात, चित्रावर सोडा म्हणजे चमक डोळ्यांत येणार नाही. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून ५७-५८ इंचांवर ठेवतात. तुमच्या खोलीत लोक बहुतेक बसूनच पाहणार असतील, तर तो दोन-तीन इंच खाली घ्या. दोन खिळ्यांवर टांगा, म्हणजे फ्रेम तिरकी होत नाही.

खंड्याला मी बेदखल करत नाही. पाण्यातून उसळलेला तो क्षण पकडायला किती पहाटा लागतात, याची मला कल्पना आहे. १२ बाय ८ इंचावर त्याला इंचाला २०० पिक्सेल मिळतात. लस्टर, म्हणजे किंचित चमकदार, किंवा चकचकीत कागदावर तो निळा रंग आणि ते काळे पाणी यांना पूर्ण न्याय मिळेल आणि माणसाने जवळ जाऊन पाहावे असेच ते चित्र आहे. खिडकी समोर नसलेल्या अरुंद वाटेत, लिहिण्याच्या टेबलाशेजारी किंवा घरच्यांपैकी ज्याला ते सर्वाधिक आवडते त्याच्या खोलीत ते लावा. अकरा वर्षांतल्या उरलेल्या छायाचित्रांसाठी भिंती पुरणार नाहीत, आणि पुरायची गरजही नाही. लहान प्रिंटची एक पेटी करा. तिच्यातून एकेक प्रिंट हातात घेऊन पाहण्याचे सुख वेगळेच असते. मोठ्या फ्रेमची मागची बाजू उघडता येईल अशी बनवून घेतलीत, तर लव्हाळ्यांच्या जागी दोन वर्षांनी दुसरेही काही लावता येईल. आजचा निर्णय कायमचा नाही, हे घरच्यांनाही सांगता येईल.

लव्हाळ्यांची प्रिंट हाती आली, की ती फ्रेममध्ये जाण्याआधी मागे, चित्राच्या सीमेबाहेरच्या पांढऱ्या कडेवर, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख, तळ्याचे नाव, फाइलचे नाव, कागद, शाई आणि तीनपैकी कोणती उजळी निवडलीत ते लिहून ठेवा. शाईचे पेन नको, ते पुढच्या बाजूला उतरू शकते. पुढच्या वेळी याच कागदावर दुसरे काही काढाल, तेव्हा सुरुवात कुठून करायची ते तिथेच लिहिलेले असेल.